भिंतीवरचा अर्धा वर्ग

शाळेतून, मधल्या सुट्टीत

तीर्थरूप काकांना,

बसल्या जागेवरूनच, पण पुरेसे वाकून नमस्कार. (तिसरीच्या मुलांच्या मापाच्या बाकावर बसून लिहीत आहे, त्यामुळे वाकण्यावाचून इलाजही नाही.) काकूंचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला? तुम्ही रंगाच्या डब्यांच्या खोलीत खिडकी लावून बसता, असे काकूंनी आईला सांगितले, आणि आईने ते मला जेवताना, हात धुताना आणि मी सायकलवर बसल्यावर असे तीनदा सांगितले. तेव्हा खिडकी उघडत जा, ही विनंती आमच्या दोघांकडून समजावी. इकडे सर्व ठीक आहे असे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला निदान सुरुवात तरी बरी वाटेल.

फोन न करता पत्र का लिहितो, असे तुम्ही म्हणाल. काकू फोन स्पीकरवर लावतात आणि त्यांच्या शेजारणीही आपुलकीने ऐकतात. या पत्रातली गोष्ट शेजारणींपर्यंत जाण्यासारखी नाही. (त्यांच्याविषयी मला आदरच आहे.)

गेल्या वेळी तुम्ही विचारले होते की शाळेत मी नेमके करतो काय. मोबाइल दुरुस्तीचे दुकान मालकांनी बंद केल्यावर मला इथे 'तंत्रसहायक' म्हणून घेतले, कंत्राटी. आई सगळ्यांना 'मुलगा शाळेत आहे' एवढेच सांगते आणि पुढे काय समजायचे ते ऐकणाऱ्यावर सोडते. माझे काम म्हणजे तिसरी-चौथीच्या वर्गात जो मोठा काचेचा पडदा बसवला आहे, तो सकाळी सुरू करणे, दिवसभर चालू ठेवणे आणि तो बंद पडला की त्याच्यामागे जाऊन काहीतरी करताना दिसणे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, दोन्हींना मिळून एकच बाई, आणि मुले दोन्ही मिळून चौदा. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण सगळे दुखणे तिथेच आहे. नियम असा आहे की वर्गात रोज सरासरी वीस डोकी नसतील तर तो वर्ग बंद करून मुलांना मोठ्या रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचे. तो रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. बाईंनी एकदा सराव म्हणून मुलांना पलीकडे नेऊन पाहिले. ट्रक थांबेनात, शेवटी अर्धी मुले या कडेला, अर्धी त्या कडेला आणि मधल्या दुभाजकावर हात पसरून उभ्या बाई, अशी अवस्था झाली. परत आल्यावर बाईंनी आधी मुले पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, "हा वर्ग इथून हलायचा नाही." कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळले नाही, जवळ मीच होतो, म्हणून मी "हो" म्हणालो. (वर्ग हलला तर पडदा जाणार आणि पडदा गेला की मी जाणार, हेही खरे, पण ते मी त्या वेळी बोललो नाही.)

पडदा शिक्षण खात्याच्या कार्यालयाने दिला. त्यावर कार्यालयाच्या संकेतस्थळावरचे धडे ऑनलाइन दिसतात. धड्यातल्या ताई फार गोड बोलतात. प्रश्न विचारून त्या थोडा वेळ थांबतात आणि मग 'शाब्बास, अगदी बरोबर' म्हणतात. मुलांच्या लवकरच लक्षात आले की काहीही उत्तर दिले, किंवा शेजाऱ्याचा कान ओढला, तरी अगदी बरोबरच असते. बाईंच्या हाताखाली शाब्बासकी अशी फुकट मिळत नाही, त्यामुळे मुले पडद्यावर खूश झाली. जलचक्राच्या धड्याच्या वेळी मात्र इंटरनेट अडखळले आणि पडद्याच्या मधोमध ते गोल फिरणारे चिन्ह आले. मी मागे वायरी हलवत होतो, बाई दाराशी पालकांशी बोलत होत्या, आणि चिन्ह पूर्ण तासभर फिरत राहिले. पुढच्या चाचणीत 'जलचक्राची आकृती काढा' या प्रश्नाला झाडून सगळ्या मुलांनी तेच चिन्ह काढले. बाईंनी निम्मे गुण दिले. बाणाची दिशा बरोबर होती, असे त्या म्हणाल्या.

तर काका, पडद्याच्या वरच्या कडेला एक डोळा आहे. म्हणजे कॅमेरा, पण मुले डोळाच म्हणतात आणि आता मलाही तसेच तोंडात बसले आहे. तो वर्गाकडे पाहून डोकी मोजतो आणि प्रत्येक डोक्याभोवती एक चौकट काढतो. मूल समोर बघत असेल तर हिरवी, नसेल तर लाल. ही उपस्थिती आणि हे लक्ष तो परस्पर कार्यालयात कळवतो. तोंडाने हजेरी घेणे त्यामुळे बंद झाले. माणसाच्या मोजण्यात चुका होतात असे परिपत्रकच आले. मुलांनी दोन दिवसांत लाल व्हायचा खेळ काढला. त्यात सगळ्यात तरबेज म्हणजे तिसरीतली एक मुलगी, जिला सगळे 'खार' म्हणतात. ती खिडकीबाहेर बघू लागली की तिची चौकट इतकी लाल होते की शेजारच्या मुलाचीही थोडी बिघडते, असे मला वाटते. (हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. तरी वाटते.)

पहिल्याच महिन्यात कार्यालयाकडून तक्रार आली, की तुमच्या वर्गात एक विद्यार्थी अगदी पुढे, उभ्याने झोपतो, रोज झोपतो, वयाच्या मानाने उंच आहे, पालकांना बोलावून समज द्यावी. हेडसरांनी चौकशी लावली. बाईंनी एकेकाला उभे करून विचारले. मुलांनी शपथा घेतल्या. एकाने घाबरून, आपण झोपत नाही पण उद्यापासून झोपणार नाही, असे लिहूनही दिले. शेवटी मी पडद्यासमोर उभा राहून चौकटी कोणाभोवती उमटतात ते पाहिले, तेव्हा उलगडा झाला. बाई वर्गाकडे तोंड करून शिकवतात, म्हणजे डोळ्याला त्यांचा फक्त अंबाडा दिसतो, आणि केसांचा एवढा मोठा गोळा दिसून त्यात चेहरा सापडत नाही म्हटल्यावर त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे मान खाली घालून झोपलेले मूल असा अर्थ लावला होता. हे बाईंना कोणी सांगायचे, यावर हेडसरांनी आणि मी अर्धा दिवस घालवला. शेवटी मी सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे मोजला जातो ना? मग चौदाचे पंधरा झाले." तेव्हाच मला समजायला हवे होते की या बाईंचे डोके कुठल्या दिशेने चालते.

त्यानंतर संकेतस्थळावर 'आपला चेहरा काढूया' असा धडा आला. मुलांनी आरशात बघून आपापले चेहरे काढले, चांगले मोठ्या कागदावर, खऱ्या डोक्याएवढे. काका, तुम्ही असता तर तुम्हाला आवडले असते. एकाने कान मानेपासून काढले होते, एकीने दात आधी मोजून मग काढले होते. खारीने आपले डोळे एवढे मोठे काढले की कपाळाला जागाच उरली नाही. बाईंनी ते चेहरे मागच्या भिंतीवर एका रांगेत चिकटवले. खळीने. (तुमच्याकडे पोस्टर लावायला खळ करतात तशी, घट्ट.)

दुसऱ्या दिवशी उपस्थिती दुप्पट झाली.

मला आधी वायरीचा दोष वाटला. मी वायर बदलली, मग जी बदलली होती तीच पुन्हा लावली, डोळ्याची काच पुसली, आणि घरी जाऊन झोपलो नाही असे नाही, पण आकडे मोजत झोपलो. मग एकदा मधल्या सुट्टीत वर्गात गेलो. खोलीत चिटपाखरू नव्हते. आणि पडद्यावर लिहिले होते, 'वर्ग पूर्ण एकाग्र आहे.' मागे वळून पाहिले तर भिंतीवरून ते चौदाजण डोळ्याची पापणी न हलवता पडद्याकडे पाहत होते, आणि त्यावर प्रत्येकाभोवती हिरवी चौकट. माझ्याभोवती लाल होती. मी तडक हेडसरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले, उठून दार लावले, बसले, पुन्हा उठून खिडकी लावली आणि विचारले, "आणखी कोणाला सांगितलंस?" मी म्हणालो, कोणालाच नाही. "मग मलाही सांगितलं नाहीस," ते म्हणाले, आणि पुन्हा उठून खिडकी उघडली, कारण उकडत होते.

बाईंना मी वेगळे सांगितले. त्यांना ते आधीच माहीत होते. मी म्हणालो, बाई, हे खोटे होत नाही का? त्या वह्या तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "चित्रं मुलांनीच काढलीत. भिंत शाळेची. मी एक अक्षर कुठं लिहून कळवलेलं नाही. तूही नाहीस. मोजतोय तो. त्यात खोटं बोललं कोण, ते मला दाखव, मी लगेच चित्रं काढते." मी बराच वेळ उभा राहून शोधले. मला काही सापडले नाही, पण बरेही वाटले नाही. तुम्हाला सापडले तर कृपया कळवावे.

पुढचे सगळे आपोआप झाले. भिंतीवरचे चेहरे कधी आजारी पडत नाहीत, एकमेकांना चिमटे काढत नाहीत, आणि 'बाई, बाहेर जाऊ?' म्हणून करंगळी दाखवत नाहीत. तेव्हा महिनाअखेर कार्यालयाच्या यादीत आमचा वर्ग लक्ष देण्यात पहिला आला. अभिनंदनाचा निरोप आला, जादा बाके आली (ती व्हरांड्यात उलटी रचून ठेवली आहेत), आणि पालकांना मोबाइलवर प्रशस्ती गेली. खारीच्या आईला आला तो निरोप असा, की आपली मुलगी अत्यंत स्थिरचित्त आहे. त्या माउली तो घेऊन शाळेत आल्या, नंबर चुकला असेल म्हणून परत करायला. आणि मग तो दिवस आला ज्याच्या धास्तीने माझे जेवण सुटले होते. हा एवढा लक्ष देणारा वर्ग प्रत्यक्ष पाहायला कार्यालयाच्या मॅडम येणार, असे कळले.

आदल्या संध्याकाळी मी बाईंना न विचारता चित्रे काढायला गेलो. खळ सुटेना. नखाने एक कोपरा उचलला तर भिंतीचा गिलावाच हातात आला. तो परत जागेवर दाबून बसवला आणि घरी आलो.

मॅडम आल्या. त्यांच्या हातात एक टॅब होता आणि त्यावर आमचा आकडा आधीच उमटलेला होता. त्यांनी तो पाहिला, वर्ग पाहिला, आणि पुन्हा तो पाहिला. मग बोटाने मोजायला सुरुवात केली. चौदा झाल्यावर बोट थांबले. खार सोडून बाकीची मुले भीतीने इतकी ताठ बसली होती की त्या दिवशी भिंतीवरची आणि बाकांवरची ओळखू येऊ नयेत. हेडसर छताकडे बघत होते. मी पडद्यामागे गेलो, कारण काही झाले की पडद्यामागे जायचे, हेच माझे काम आहे. मॅडमनी विचारले, बाकीचे कुठे आहेत? तेव्हा बाई पुढे झाल्या आणि भिंतीकडे हात करून म्हणाल्या, "ते काय." म्हणजे, काका, सरळ सांगूनच टाकले. मॅडम भिंतीपाशी गेल्या. एकेका चेहऱ्यासमोर थांबल्या. खारीच्या चित्रापाशी आल्यावर त्यांनी मागे वळून विचारले, हे कोणाचे? खार उठली. "छान आहे," मॅडम म्हणाल्या. "बघ, ही कशी समोर बघते. तू का खिडकीबाहेर बघत होतीस?"

"मला कंटाळा येतो," खार म्हणाली. "तिला येत नाही."

मॅडम बाकावर बसल्या आणि टॅबवर चौदा हा आकडा भरू लागल्या. तो भरला जाईना. आकड्याची जागा डोळा परस्पर भरतो आणि ती वरून कुलूपबंद असते. त्यांनी खटपट केली, मग मला बोलावले (मी तंत्रसहायक), मग मीही खटपट केली. शेवटी कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारले, यंत्राचा आकडा किती आहे? तो सांगितल्यावर तो म्हणाला, मग तोच आहे. मॅडम म्हणाल्या, अहो, मी स्वतः इथे बसले आहे, माझ्या डोळ्यांनी मोजले आहेत. तो म्हणाला, डोळ्यांनी मोजणे बंद झाले, परिपत्रक आपल्याच सहीचे आहे. त्यानंतर मॅडम बराच वेळ टॅबकडे बघत राहिल्या. त्या वेळात डोळ्याने त्यांनाही मोजले आणि त्यांच्याभोवती लाल चौकट काढली. उपस्थिती एकाने वाढली. मुले हसली नाहीत. नंतर बाईंनी त्याबद्दल मुलांना शाब्बास म्हटले, खरोखरची.

जाताना मॅडम दारात थांबून बाईंना म्हणाल्या, "तो रस्ता ओलांडूनच मी आले." एवढेच. वर्ग या वर्षी हलणार नाही.

तर असे आहे. माझी प्रकृती ठीक आहे, फक्त कोणी 'मोज' म्हटले की घाम येतो. काकूंना नमस्कार, लहान भावंडांना आशीर्वाद देण्याएवढा मी मोठा झालो आहे असे वाटत नाही, तरी द्यावेत. अक्षर बाकाच्या उंचीमुळे वाकडे आले आहे. शब्द मात्र एकेक तपासून लिहिले आहेत.

तुमचा आज्ञाधारक आणि सध्या काळजीत असलेला
पुतण्या

ता. क. : मूळ काम लिहायचे राहिले. कार्यालयाकडून नवा निरोप आला आहे, की तुमचा वर्ग लक्ष उत्तम देतो, पण निम्मी मुले कधीच हात वर करत नाहीत. सुधारणा न दिसल्यास खास पथक येऊन आठवडाभर वर्गात बसेल. एक मॅडम निभावल्या, पथक निभावणार नाही. तेव्हा काका, तुम्ही आयुष्यभर पाट्या आणि पडद्यांचे हात-चेहरे रंगवलेत, कृपा करून मला चौदा हात काढून द्यावेत. उजवे, कोपरापर्यंत, मुलांच्या मापाचे, जाड पुठ्ठ्यावर. बोटे पाच-पाचच असावीत. (त्या नाटकाच्या फलकावर नायकाला तुमच्या हातून एक बोट जास्त झाले होते, ते बाबा अजून उकरून काढतात, म्हणून लिहिले.) मी मागून दोरी आणि लहान कप्पी बसवणार आहे. प्रश्न विचारला की हात वर, उत्तर झाले की खाली. प्रत्येक प्रश्नाला वर नेऊ नको, संशय येईल, असे बाईंचे म्हणणे आहे. आईला यातले काही कळवू नये.

ता. क. २ : पत्र टाकायला निघालो आणि पेटीपासून परत आलो. आज सकाळी रस्त्यापलीकडून सहा मुलांचे पालक आले होते. मोठ्या शाळेत मुलांकडे कोणी बघत नाही, तुमच्याकडे सगळे नीट लक्ष देतात असे ऐकले, आमची मुले इकडे घ्या, आम्ही स्वतः रस्ता ओलांडून पोहोचवू, असे म्हणत होते. काका, चौदा आणि सहा वीस होतात! खरे, बसलेले, चिमटे काढणारे वीस. हेडसरांनी नावे भरायला घेतली, तर संकेतस्थळ म्हणते, 'वर्ग भरलेला आहे, प्रवेश बंद.' वर्गाची मर्यादा तीस, आणि ती भिंतीवरच्यांनी आणि अंबाड्याने जवळजवळ संपवलेली. जागा एकच उरली आहे. पालक रिकामी बाके बघत होते आणि हेडसर त्यांना जागा नाही म्हणून सांगत होते. हा प्रसंग बघवत नव्हता.

तेव्हा बाईंनी ठरवले आहे की भिंतीवरचे सहा चेहरे उतरवायचे, म्हणजे तेवढी मुले आत येतील आणि कार्यालयाला आकडा हललेला दिसणारही नाही. सगळे चौदा एकदम उतरवले तर आकडा कोसळेल आणि पथक दारात उभे राहील, म्हणून बाकीचे जमेल तसतसे. खळ तुमच्याशिवाय कोणाला सुटणार नाही. येत्या रविवारी जुना रंग खरवडायची तुमची ती पातळ लोखंडी पट्टी घेऊन यावे, आणि चित्र फाटू देऊ नये. उतरवलेले चित्र ज्याचे त्याला घरी द्यायचे आहे. कोणाचे उतरवायचे म्हणून मुलांना विचारले, तर सगळी आपापल्या चित्रापुढे पाठ टेकून उभी राहिली. फक्त खार पुढे आली आणि म्हणाली, "माझं काढा. मी आहे की." बाकीची पाच कोणती ते तुम्ही येऊन ठरवावे. नंतर तासभर मी त्या चेहऱ्यांकडे बघत बसलो, आणि मला एकसुद्धा ठरवता आला नाही.

म्हणजे हात चौदा नकोत. आठ पुरतील.